मोहाखाली राहिलेलं वाक्य

अन्याय झाला तो एका विधवा बाईवर. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या जंगलाला टेकलेल्या एका गावात. गेल्या वर्षी मोहफुलांच्या मोसमात, महिला दिन होऊन गेल्यावर जो पहिला आठवडी बाजार आला त्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी.

संघटनेत पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिली ताकीद हीच असते: कोणावर आणि केव्हा ते आधी लिही, तुझा संताप नंतर. म्हणून आधी लिहिलं. नाव मात्र लिहीत नाही. तिनंच नको म्हटलं. तिच्या गावात तिचं नाव निघालं की लोक थुंकतात आणि अंगणातली लेकरं आत ओढतात. ते नाव मी आणखी छापून कशाला फिरवू.

मी सावली तालुक्यातली, नदीच्या अलीकडची, धानाच्या पट्ट्यातली. आमच्याकडे मोहाचं झाड असतं ते शेताच्या धुऱ्यावर एखादं. नदी ओलांडून जंगलाकडे गेलं की ते घरातलं माणूस होतं. कोणतं झाड कोणाचं हे गावात सगळ्यांना पाठ. फुलं पडायच्या आधी बाया झाडाखालचा पाचोळा झाडून जाळतात, जमीन साफ करून ठेवतात आणि मग अंधार फिका होताच टोपली घेऊन जातात. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. तिथं कुंपण नसतं, पाटी नसते, तरी उचलत नाही.

तिचीही झाडं होती, सासऱ्याच्या वेळेपासूनची. नवरा होता तोवर ती तिची होती. नवरा वारला आणि वर्षभरात दिराच्या घरी पोर आजारी पडलं. ताप उतरेना. कोणीतरी म्हणालं हिनं केलं. मग सगळेच म्हणू लागले. जादूटोणा करते, पोरांना नजर लावते, नवऱ्यालाही हिनंच खाल्लं. पोर पुढं दवाखान्यात बरं झालं, हिवताप होता. पण हिच्यावरचं बोलणं काही उतरलं नाही. आणि वर लिहिलेल्या त्या दुपारच्या वर्षभर आधी, एका सकाळी, तिच्याच झाडाखाली तिला मारलं.

कोणी मारलं, कसं मारलं, आणखी काय केलं, हे मला माहीत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण लोकांना वाटतं की आम्हा कार्यकर्त्यांना सगळं माहीत असतं. शेजारणीनं तिला उचलून घरी आणलं तेव्हा ती बोलत नव्हती. नंतर बोलली ती कामापुरती, पाणी दे, दार लाव. त्या सकाळचं तिनं कोणालाच सांगितलं नाही. शेजारणीनं ठाण्यात दोनदा नेलं, तिथं ठाणेदारानं विचारलं की बाई, घरचं भांडण आहे का. तिनं मान खाली घातली. त्यानं ते होच धरलं. तक्रार लिहून घेतली नाही.

जादूटोण्याच्या नावानं बाईला मारणं हा या राज्यात गुन्हा आहे. कायदा आहे. आमच्या पत्रकात तो ठळक अक्षरात असतो.

मी तिला पहिल्यांदा भेटले ती तिच्या ओसरीवर. ती तांदूळ निवडत होती. मी माझं पाठ केलेलं सगळं बोलले: हक्क, कायदा, संघटना, न घाबरणं. तिनं ऐकलं. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बाई, तू लय फास्ट बोलतं."

शेजारीण हसली. शेजारीण मोठी बोलकी, फाटक्या तोंडाची बाई. ती म्हणाली, "ते पोट्टी सावलीची हाये. तिकडं मोटारी जास्त, तसंच बोलतेत."

मी गप्प बसले. मी गप्प बसले तेव्हा ती बोलली. हळूहळू, तांदळातले खडे बाजूला काढत. ठाण्यात नाही सांगणार. पुरुषांसमोर नाही सांगणार. पण गावातल्या बाया, आजूबाजूच्या चार गावच्या बाया, सगळ्या एका ठिकाणी बसल्या तर सांगीन. त्यांनी ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं.

"पण एकदाच सांगीन," ती म्हणाली. "दोनदा नाई होत माझ्याच्यानं."

म्हणून सभा ठरली. महिला दिनाची सभा म्हणून पत्रकं छापली, पण खरं कारण तिचं ते ‘एकदाच सांगीन’ होतं. वेळ दुपारची, कारण सकाळ मोहाची असते. मोसमात सकाळी कोणी बाई सापडत नाही. जागा तिनं सांगितली. तिच्याच झाडाखाली, जिथं मारलं तिथं. त्या मोसमात दिरानं तिला झाडांकडं जाऊ दिलं नव्हतं. फुलं तोच नेत होता.

सभेच्या दिवशी मी सकाळपासून ताडपत्री, पाण्याचा माठ आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन तिथं होते. ती येऊन बुंध्याशी बसली आणि बाया येऊ लागल्या. बरोबर टोपल्या. मला वाटलं सकाळच्या वेचणीवरून सरळ आल्या असतील, घरी ठेवायला वेळ मिळाला नसेल. पण पहिली बाई ताडपत्रीजवळ आली, ओंजळभर फुलं काढून तिच्यासमोर जमिनीवर ठेवली आणि बसली. दुसरी आली, तिनंही तेच केलं. मग तिसरी.

मी शेजारणीला विचारलं हे काय. तिला माझ्या अडाणीपणाची गंमत वाटली. या भागात बाई बाळंतीण असली, तापानं पडली, वेचणीला जाऊ शकली नाही, की बाकीच्या बाया आपल्या वेचणीतून तिला एकेक ओंजळ देतात. मागायचं नसतं, मोजायचं नसतं, परत करायचं नसतं. यंदा तिला झाडाखाली जाऊ दिलं नाही, म्हणून यंदा ओंजळ तिची. कोणी ठरवलं नव्हतं. बाजूच्या गावच्या बायांनीही आणली होती.

ढीग वाढत गेला. पिवळसर, ओलसर, मण्यांसारखी फुलं. त्यांचा तो गोड, जड, डोक्यात बसणारा वास. ती ढिगामागे बसली होती आणि पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता, पण रडत नव्हती. एक म्हातारी, दात नसलेली, काठी टेकत आली आणि तिनं ओंजळ ओतताना म्हटलं, "माझ्या ओंजळीत काय मावते आता, हाडंच हाडं. पण घे वो माय." तेव्हा सगळ्या हसल्या. तीसुद्धा. तिला हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

मग बाया बसल्या. मी चार शब्द बोलले, या वेळी हळू. आणि ती उठली.

तिनं पदर खांद्यावर घेतला. झाडाच्या बुंध्याला हात लावला. डोळे कोणाकडेच नव्हते, जमिनीकडे होते, जिथं पूर्वी तिनं पाचोळा जाळला होता तिथं. आणि ती म्हणाली,

"त्या दिवशी मी इथीच झाडून राह्यली होती, अन्..."

तेवढंच.

गाडीचा आवाज आधी मी ऐकला की बायांनी, मला सांगता येत नाही. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर गाडी लांबून ऐकू येते, आणि त्या रस्त्यावर गाडी आली की ती पोलिसांचीच असणार म्हणून या भागातल्या बायांचं अंग आधीच आखडतं. माना वळल्या. ती मात्र वळली नाही. तिचं तोंड तसंच उघडं होतं, पुढच्या शब्दासाठी.

पोलीस उतरले. ठाणेदार पुढे. त्यानं विचारलं परवानगी आहे का. मी म्हटलं गावच्याच जागेत बाया बसल्या आहेत, परवानगी कशाची. तो म्हणाला जमावबंदी आहे. मी म्हटलं आदेश दाखवा. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू आदेशाच्या कागदावर बसलेली माशी आहे. पत्रकाचा एक कागद उचलून वाचला, घडी करून खिशात घातला.

मग त्याची नजर ढिगाकडे गेली.

तुम्ही नदीच्या अलीकडच्या असाल तर हे समजायला वेळ लागेल, म्हणून सरळ सांगते. आमच्याकडे चंद्रपुरात दारूबंदी उठली, पलीकडे गडचिरोलीत आहे. मोहफुलं सडवली की त्यांची दारू गाळता येते. तेच फूल वाळवून भाकरीत जातं, लाडवात जातं, बैलाला चारतात, बाजारात विकतात. अख्खं गाव सकाळभर तेच वेचत असतं आणि कोणी कोणाला पकडत नाही. पण एका ठिकाणी ओला ढीग, आणि त्याच्यामागे एक बाई, जिच्याबद्दल गावानं आधीच काय काय ठरवून ठेवलेलं.

"हा माल कोणाचा?" ठाणेदारानं विचारलं.

सगळ्या गप्प. भीतीनं गप्प, हे खरंच. पण आणखी एक कारण होतं आणि ते त्याला कळणं शक्यच नव्हतं. एकदा दिलेली ओंजळ आपली म्हणायची नसते. दिली म्हणजे तिची. माझी आहे म्हणणं म्हणजे परत मागणं. ते तिथं कोणी करत नाही, तोंडावर येतच नाही.

म्हणून त्या सगळ्यांच्या वतीनं तीच बोलली. खालीच बघत. "माझा," ती म्हणाली.

शिपायानं लगेच लिहून घेतलं.

मी ओरडले की हा माल नाही, बायांनी दिलेली मदत आहे. त्यानं ऐकलं नाही. दात नसलेली म्हातारी काठी टेकत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काऊन जी साहेब," तिनं विचारलं, "तुमच्या मायनं मोहफुलाची भाकर नाई खाऊ घातली का तुम्हाले? का तुम्ही शहरात पैदा झाले?"

दोन तरुण शिपाई हसले. ठाणेदाराला ते हसणं लागलं. तिथून पुढे लाठ्या निघाल्या.

मोठा लाठीमार म्हणणार नाही. वाढवून लिहायचं नाही, हीसुद्धा पत्रकाचीच शिकवण. पोटऱ्यांवर, पाठीवर, हाकलण्यासाठी मारतात तसं. बाया उठल्या. ताडपत्री गोळा झाली, माठ फुटला, आणि पळणाऱ्यांच्या पायांखाली तो ढीग गेला. फुलं चिरडली की त्यांचा वास दुप्पट होतो. लेकरं कडेवर घेऊन बाया जंगलाच्या बाजूला पळाल्या, कारण गावच्या बाजूला गाडी होती. मला दोन महिला शिपायांनी धरलं. त्यातली एक आमच्याकडचीच, बोलीवरून कळत होतं. ती माझ्या कानाशी म्हणाली की गप राहा बाई, तुझ्यावर काही नाही. फोन घरातूनच आला होता, बाया दारूचा माल जमा करून राह्यल्या म्हणून. कोणाच्या घरातून, हे तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज पडली नाही.

तिला गाडीत बसवलं. उरलेली फुलं पोत्याच्या चुंगडीत भरून तिच्या पायाशी ठेवली. मुद्देमाल.

शेजारीण आणि मी मागून मोटारसायकलवर ठाण्यात गेलो. ठाण्याच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून बसली होती, शेजारी चुंगडी. चुंगडीतून पाणी झिरपत होतं, वास सगळ्या ठाण्यात भरला होता. आत-बाहेर करणारे शिपाई नाकाला रुमाल लावत होते आणि हसत होते की आज ठाण्यातच भट्टी लागली.

मी म्हटलं, आधी तिची तक्रार घ्या. तिला मारलं त्याची, जादूटोण्याच्या आरोपाची. लेखनिक म्हणाला, "आरोपी आहे ना ती. आरोपीची तक्रार कशी घेता येते?"

घेता येते. कायद्यात असं कुठंच नाही. मी त्याला तेच सांगितलं, कलम सांगितलं, आवाज चढवला. तो पेन टेबलावर वाजवत राहिला. शेजारीण माझा हात दाबत होती. मी वळून पाहिलं तर भिंतीला टेकलेली ती आमच्याकडे बघतच नव्हती. चुंगडीतून झिरपलेल्या पाण्यात एक फूल फरशीवर वाहत आलं होतं, ते उचलून तिनं परत चुंगडीत टाकलं. सवयीनं. खाली पडलेलं फूल तिच्यानं राहू देववत नव्हतं.

अंधार पडायच्या आत सोडलं. गुन्हा लागला तो लागलाच. अजून तारखा पडतात.

गावात काय झालं ते सांगायला नको, तरी सांगते. आधी ती जादूटोणा करणारी होती, आता दारू गाळणारीही झाली. दीर तारखेच्या दिवशी पानठेल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की पोलिसांनीच पकडलं, मी काही बोललो का. ठाण्यात तक्रार घ्या म्हणून मी तीनदा गेले. तिथं आता एकच उत्तर आहे: बाईचं काही म्हणणंच नाही, तिनं कधी काही सांगितलंच नाही. आणि हे खरं आहे. तिनं सांगितलं नाही. तिनं सुरुवात केली होती.

ती सुरुवात माझ्या मागे लागली आहे. मी सावलीला घरी असते, आई चुलीशी काहीतरी सांगत असते, दिवसभरातलं, साधं, आणि मध्येच म्हणते "अन्..." आणि वरण उतू जातं म्हणून उठते. मी हातातलं काम सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहते. आई वरण उतरवून येते आणि बोलणं पुढं नेते, तेव्हा कुठं मी पुन्हा कामाला लागते. बसमध्ये दोन बाया बोलत असतात, एकीचा थांबा येतो, ती वाक्य अर्धं टाकून उतरते. मला वाटतं तिच्यामागं उतरावं आणि विचारावं, मग काय झालं. सभांमध्ये मी आता बोलते तेव्हा "आणि" म्हणत नाही. दोन वाक्यं करते. सोबतचे म्हणतात की तुझं भाषण तुटक झालं.

रात्री तर मी त्या वाक्याचा पुढचा भाग स्वतःच रचते. कधी त्यात दीर असतो, कधी भगत, कधी ज्याचा चेहरा मला ठाऊक नाही असा कोणी. दरवेळी वेगळं. दरवेळी वाईट. आणि सकाळी मला स्वतःची शरम वाटते, कारण ते वाक्य माझं नाही. ती जे म्हणणार होती ते यापेक्षा कमी वाईट असेल, किंवा जास्त. मला तिच्या तोंडून हवं आहे, माझ्या डोक्यातून नको.

मध्यंतरी मी तिच्याकडे गेले होते. धान कापणी झाली होती, ती दुसऱ्याच्या खळ्यावरून आली होती, केसांत कोंडा होता. शेजारीण चहा घेऊन आली. बरंच बोलणं झालं, पोरांच्या शाळेचं, रस्त्याचं. मी विषय काढला की पुन्हा सभा घेऊ या का.

"माझं एकदाचं झालं ना वो," ती म्हणाली. "मी सांगतलं होतं तुले, एकदाच."

शेजारीण म्हणाली की अगं पण तू सांगितलंच कुठं, तू तर सुरूच केलं होतं. ती म्हणाली सुरू केलं म्हणजे सांगितलंच. एवढ्या बाया बसल्या होत्या, मी उठली होती, तोंड उघडलं होतं. आता पुन्हा तेवढं धाडस कुठून आणू. शेजारणीनं चहाचे कप उचलले.

मी उठायला लागले तेव्हा ती दारापर्यंत आली. म्हणाली, "अन् पुन्हा उठून पळाल्या तर?"

पोलीस आले म्हणून पळाल्या, त्यांचा दोष नाही, असं मी म्हणू शकले असते. ते खरंही होतं. पण तिनं दोष दिलाच नव्हता. तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, विचारून सांगते.

तर आता विचारते आहे. तुम्हालाच.

यंदाचा मोसम जवळ आला आहे. झाडाखालचा पाचोळा तिनं यंदा स्वतः जाळला. दिरानं अडवलं तेव्हा शेजारीण आणि ती दात नसलेली म्हातारी काठी घेऊन मध्ये उभ्या राहिल्या, आणि म्हातारीवर हात उचलायची हिंमत त्यालाही झाली नाही. महिला दिनानंतरच्या पहिल्या बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपारी, त्याच झाडाखाली सभा आहे. परवानगीचा अर्ज दिला आहे. उत्तर आलेलं नाही. सभा आहेच.

तुम्ही या. लांब असाल तरी या. चामोर्शी, कुरखेडा, सावली, चंद्रपूर, कुठूनही या. येताना मोहफुलं मिळाली तर ओंजळभर आणा आणि तिच्यासमोर ठेवा. पोलिसांनी विचारलं हा माल कोणाचा, तर या वेळी तिथली रीत मोडा आणि मोठ्यानं सांगा की माझा. मग बसा. ती उठेल, बुंध्याला हात लावेल आणि जिथं थांबली होती तिथून बोलेल. गाडीचा आवाज आला तर मान वळवू नका. लाठी आली तर जागा सोडू नका. तिचं वाक्य संपेपर्यंत उठू नका.